न मोजलेले गुलाबी मग

शेवंतामावशी, सुरुवात तुझ्या नावानं करतो. काय झालं ते नंतर सांगेन. मरोळच्या त्या प्लॅस्टिकच्या कारखान्यात मला उभं करणारी तू. वेसाव्याच्या कोळीवाड्यात, जाळ्यांच्या ढिगाशेजारी, तुझ्या ओटीवर मला पहिले सात महिने पाठ टेकायला जागा देणारी तू. माझ्या नावावर आज जे काही आहे त्याच्या मुळाशी तू आहेस, हे मी तुझ्यासमोर एकदाही बोललो नाही. बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, "चल रं, भाषण नको करूस, भात गार व्हतो."

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. एवढ्या दिवसांत मी तुझ्याशी मनातल्या मनात जितका भांडलो, तितका तू असतानाही भांडलो नव्हतो.

मालवणजवळच्या माझ्या गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीला खाडी ओलांडून जावं लागायचं, आणि घरात कामाला दोन हात कमी पडत होते. शाळा तिथंच सुटली. एकविसाव्या वर्षी घाटकोपरला काकांकडे आलो, तर त्यांच्या खोलीत आधीच नऊ माणसं. काका म्हणाले, मरोळला कारखाने निघतायत, तिकडे बघ. तिकडे गेलो आणि तुमच्या गेटाबाहेर तीन दिवस उभा राहिलो. आत जाऊन विचारायची छाती होईना.

तिसऱ्या दिवशी दुपारी तू डबा घेऊन बाहेर आलीस. डोक्यात अबोलीचा वळेसर, हातात अर्धी भाकरी.

"काय रं, भिंत पडंल म्हून टेकून उभा हायस काय?"

"नाय, काम बघतंय."

"बगून काय मिळतं? येतं काय तुला?"

तोंडाला आलं ते बोललो. "मोजूक येता."

तू वळून बाकीच्या बायांना हाक मारलीस. "ऐकलं का गो? मोजूक येता म्हनतो. इथं लोक शिकून येतात, फिटर होऊन येतात. ह्यो मोजायला आयला." सगळ्या हसल्या. भाकरी संपवून तू मला आत शेठसमोर नेलंस आणि म्हणालीस, "शेठ, माझ्या बाकावर मोजनारा पायजे व्हता ना? ह्यो घ्या."

असा मोजणारा पाहिजे असल्याचं शेठला त्या दिवशीच पहिल्यांदा कळलं, हे तू मला दोन वर्षांनी सांगितलंस.

तुझा बाक म्हणजे यंत्रासमोरचं लांब लाकडी टेबल. यंत्रात वरून दाणा पडायचा, प्लॅस्टिकचा पांढुरका दाणा, साबुदाण्यासारखा. त्यात रंगाची पूड. तो आत वितळायचा, डायमध्ये, म्हणजे साच्यात, शिरायचा, अर्ध्या मिनिटानं डाय उघडली की अंघोळीचा एक मग खाली. कडेला राहिलेली पापडी तुझ्या बाया ब्लेडनं तासायच्या. तू प्रत्येक मग उजेडासमोर धरून बघायचीस, अगदी मासळीचा कल्ला उघडून बघावा तसा. पसंत पडला तर माझ्याकडे, नाही तर मागच्या टोपलीत. टोपली ग्राइंडरवर जायची, मगांचा चुरा व्हायचा, तो परत दाण्यात मिसळायचा.

मला तू पहिल्याच दिवशी सांगितलंस, "गिऱ्हाईक उचलंल तेवढाच मोज. बाकीचा मोजायचा नाय. फुगवून लिवलंस तर शेठला वाटतं माल हाय, आनि गिऱ्हाईक येऊन हात हालवत जातं." वीस वर्षं तू पाटी घेऊन मासळी विकली होतीस. विकलं गेलं नाही ते आणलंच नाही, हा तुझा हिशेब. मी तो गाठीला बांधला. इतका घट्ट बांधला की शेवटी त्याचाच फास झाला.

तेव्हा मगांना मागणी किती होती ते आता सांगून कुणाला पटणार नाही. अंधेरी, पार्ले, मुलुंड, सगळीकडून दुकानदार स्वतः येऊन गेटाशी बसायचे. पत्र्याचा डबा गंजायचा, पितळेचा तांब्या चोरीला जायचा. प्लॅस्टिकचा मग पडला तरी पोचा येत नाही, हे लोकांना नुकतंच कळलं होतं. आणि सगळ्यात जास्त हवा होता तो तुझ्या बाजारातल्या बायांना. मासळीवर दिवसभर खारं पाणी शिंपडायचं, त्यात डबा सहा महिने टिकायचा नाही. पण त्यांचीही एक अट होती. लाल मग नको.

"लाल समद्यांच्या संडासात असतो," तू मला समजावलंस. "त्यानं मासळीवर पानी मारलं तर गिऱ्हाईक तोंड फिरवतं. त्यांना त्यो गुलाबी पायजे."

तो गुलाबी म्हणजे आमचा रद्दी माल. यंत्रात लाल चालू असताना पांढरा दाणा टाकला, की आतला लाल धुऊन निघेपर्यंत तीन-चार तास गुलाबीच मग पडत राहायचे. आधी गडद, नंतर फिके, ढगासारखे पट्टे असलेले. एकासारखा दुसरा नाही. आमच्या लेखी ते खराब. म्हणूनच आठवड्याची सुरुवात पांढऱ्यानं करून पिवळा, लाल, शेवटी काळा, असं आम्ही फिक्याकडून गडदाकडे जायचो. पण कधी उलटं जावं लागलं तर तू त्यातले दहा-पंधरा मग शेठला विचारून पाटीत घालून बाजारात न्यायचीस. बाया तुटून पडायच्या. पापलेट त्याच्याशेजारी चांदीसारखं दिसतं म्हणायच्या. शेठनं एकदा मुद्दाम रंग कमी घालून एकसारखा गुलाबी काढला, तर तुझी शेजारीण तो हातात घेऊन म्हणाली, "ह्यो काय, म्हाताऱ्याची कवळी?" तो कुणी घेतला नाही.

आता त्या दिवसाचं. टाळत आलो इतका वेळ.

सरकारी कचेरीतून एक फॉर्म आला होता. तुमचं यंत्र आठ तासांत किती नग काढू शकतं ते लिहा. परदेशातून येणारा दाणा कमी, देशात बनणारा त्याहून कमी, म्हणून ज्याच्या यंत्राची जेवढी क्षमता त्याला तेवढा दाणा वाटून देणार होते. शेठनं फॉर्म तुझ्याकडे दिला, तू माझ्याकडे. "आज दिवसभर मोज आनि लिव," म्हणालीस. तू त्या दिवशी अकरालाच गेलीस, दुसऱ्या पाळीतली नर्मदा तुझी सून व्हायची होती आणि तिच्या आईनं तुला लग्नाच्या बोलणीला बोलावलं होतं. नेमकी त्याच सकाळी एका इस्पितळाची पांढऱ्या मगांची तातडीची मागणी आली. यंत्रात लाल चालू होता. लालावरून पांढरा. बारा वाजल्यापासून जवळजवळ चार वाजेपर्यंत गुलाबी मग पडत होते.

मी मोजले नाहीत.

संध्याकाळी मोजणी आली चारशे तीस. यंत्र साडेनऊशेच्या घरात काढतं हे मला डोळे मिटून माहीत होतं. पण फॉर्ममध्ये खोटं लिहिलं तर तुरुंगात टाकतील अशी धास्ती होती, आणि तुझं वाक्य डोक्यात होतं. गिऱ्हाईक उचलंल तेवढाच मोज. मी चारशे तीस लिहिलं. अक्षर चांगलं यावं म्हणून दोनदा गिरवलं. शेठ गावाला गेले होते. जाताना सही करून ठेवली होती. फॉर्म गेला.

चार महिन्यांनी कागद आला. आमच्या यंत्राची क्षमता चारशे तीस. दाणाही तेवढ्याच मगांचा. त्याहून जास्त काढले तर तो परवान्याचा भंग.

ह्या कागदाचा मला आजही संताप येतो. यंत्र तेच, डाय तीच, गेटाबाहेर दुकानदार उभे, बाजारात बाया वाट बघतायत, आणि आम्ही दुपारी बाराला यंत्र बंद करून हात बांधून बसायचं. कारण कागद म्हणतो ह्या यंत्राला ह्याहून जास्त जमत नाही. काळ्या बाजारात दाणा होता, दुप्पट भावानं. शेठनं दोन महिने घेतला, नंतर सोडला. दुसरी पाळी बंद झाली. सहा बाया घरी गेल्या. त्यात नर्मदा होती, तोवर ती तुझी सून झाली होती.

शेठनं आपल्याला आत बोलावलं तो दिवस तुला आठवत असेल. मोजणीची वही माझ्या काखेत होती.

"ये आकडा किसने लिखा? कोण मोजला?"

मी तोंड उघडलंसुद्धा होतं, मावशी, देवाशपथ उघडलं होतं. पण तू आधी बोललीस.

"मी मोजलं. माज्या बाकाची मोजनी हाय. पोरानं फकस्त उतरून काढलं."

"तेरे को गिनना नहीं आता क्या, बाई?"

"आज नाय आला."

तू 'आज' म्हणालीस, 'त्या दिवशी' म्हणाली नाहीस. एवढी साधी चूक. शेठच्या ध्यानात आली नाही. मी गप्प राहिलो. बाकाची मुख्य होतीस, तुला ग्राइंडरवर टाकलं. बहिरं करणारा आवाज आणि बारीक चुऱ्याची धूळ, तिथं तू तोंडाला पदर बांधून आठ वर्षं उभी राहिलीस. त्या बाकावर तुझ्या जागी मला बसवलं.

बाहेर आल्यावर मी तुला विचारलं, "कित्याक केलास असा?" घाबरलो की मी अजून मालवणीवर येतो.

"तुला काढलं असतं. तू परत गेटाशी भिंतीला टेकून उभा ऱ्हायला असतास. माज्यानं बगवलं नसतं."

"मी सांगतंय शेठांक."

"सांग. आनि गावाला काय पाठवशील? मोजून दाखवशील?"

ह्याच्यावर आपण वर्षानुवर्षं भांडलो. मी म्हणायचो, चूक माझी. तू म्हणायचीस, शिकवलं मी, म्हणजे मोजणी माझीच. मी म्हणायचो, पण तू असतीस तर गुलाबी मोजायला लावले असतेस. तू विचार करून म्हणायचीस, "ठावं नाय रं. कदाचित नसते लावले." ह्या उत्तराचा मला राग यायचा. मला तुझ्याकडून शिवी हवी होती.

अर्ज मी दर वर्षी लिहिले. एकदा स्वतः कचेरीत गेलो. टेबलामागचे साहेब म्हणाले, "क्षमता वाढली कशी? नवं मशीन घेतलं?"

"नाही साहेब."

"नवी डाय?"

"नाही. तेव्हा मोजताना चूक झाली."

"चुकीसाठी रकाना नाही ह्यात."

"साहेब, बाजारात मागणी आहे. लोक गेटावर बसतात."

"देशाची मागणी किती ते पाच वर्षांचं आधीच ठरलेलं असतं. तुमच्या गेटावर कोण बसतं ते इथं येत नाही."

त्यांच्या मागे पाण्याचा माठ होता आणि माठावर आमचा लाल मग पालथा घातलेला. ओळखला मी, कडेची तास तुझ्या बाकावरची होती. तुला येऊन सांगितलं तर तू ग्राइंडर बंद करून हसलीस. "अरं, मंग इचारायचं ना, साहेब, ह्यो आकाशातून पडला का?" नाही सुचलं. मला कधी वेळेवर सुचतच नाही.

अरबांनी तेल महाग केलं त्या साली तो चारशे तीसचा दाणाही मिळेनासा झाला. यंत्र आठवड्यातून दोन दिवस. शेठ कारखाना विकायचं बोलू लागले. तेव्हा तू मासळीबाजारात फिरून तुटके मग, फुटक्या बादल्या, चिरलेल्या साबणपेट्या पाटीत भरून आणायला लागलीस. "आमचाच माल हाय, परत घ्या," म्हणालीस. मी विरोध केला. चुऱ्याचा मग लवकर तडकतो, गिऱ्हाईक शिव्या देईल, नाव जाईल.

"नाव ऱ्हाऊ दे. बाईला मग आज पायजे. उद्या तडकला तर उद्या परत आनील."

"असा धंदा नाय होत, मावशी."

"तू धंदा मना शिकवतोस?"

ते मग निघाले तेही गुलाबी. लाल, पांढरं, पिवळं, सगळं एकत्र दळल्यावर दुसरं काय निघणार. बाजारानं दोन दिवसांत उचलले. ते दीड वर्ष कारखाना तुझ्या त्या पाटीवर तगला. शेठ एवढंच म्हणाले, "बाई का डोका चलता है." तुला बाकावर परत बसवायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही. आणि मी, जो तोवर सगळ्या खात्याचा सुपरवायझर झालो होतो, मी ते त्यांच्या डोक्यात घातलं नाही. कारण घालायचं तर आधी खरं सांगावं लागलं असतं. सांगितलं तर आता आपलं काय होईल, ही भीती पगारासोबत वाढतच गेली होती.

डॉक्टर म्हणतात तुझं हृदय बंद पडलं. मी त्यांना तीनदा विचारलं, चुऱ्याच्या धुळीचा काही संबंध? नाही म्हणाले. तिसऱ्यांदा जरा वैतागूनच. तरी मला पटलेलं नाही, आणि ह्यापुढे पटेल असंही वाटत नाही.

बाराव्याला वेसाव्याला आलो होतो. नर्मदा अंगणात बोंबील उलटे करत होती. दुसरी पाळी बंद झाल्यापासून तिनं पाटी घेतली ती घेतलीच. आठ वर्षांत माझ्याशी कामापुरतंच बोलली असेल. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मोजणी माझी होती, मावशी खोटं बोलली, मी ऐकत उभा राहिलो.

तिनं मान वर केली नाही.

"ठावं हाय," म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"आईनं, तुज्या मावशीनं. त्याच दिवशी. म्हनाली, पोराला काय बोलू नकोस, त्यो आपून सांगंल. जरा भित्रा हाय, येळ लागंल." तिनं एक बोंबील उचलला, झटकला, परत ठेवला. "लय येळ लावलास रं, सदूभाऊ. वाट बगत व्हती ती."

मी तिथून निघालो ते समुद्राच्या कडेनं कुठपर्यंत चालत गेलो मला सांगता येणार नाही.

मावशी, तू वाट बघत होतीस हे एकदा तरी सांगायचंस. आठ वर्षं आपण भांडलो, चूक कुणाची ह्यावर. तू मला भांडू दिलंस, आणि एकदाही म्हणाली नाहीस की हे तू माझ्याशी नको, शेठशी बोल. माझ्या भित्रेपणाला तू एवढी मोकळीक द्यायला नको होतीस. तुला पुढं करून मागे उभं राहायची मला सवय लागली. हे मी तुझ्यावर ढकलतोय असं वाटेल. ढकलतोयच थोडं. तू असतीस तर म्हणाली असतीस, ढकल, माजा खांदा रिकामाच हाय.

काल शेठना सांगितलं. त्यांनी विचारलं, "अब क्यों बोलता है? बाई तो गई." काढायचं असेल तर काढा म्हणालो. "जा, मशीन देख," म्हणाले. काढलं नाही. काढलं असतं तर कदाचित रात्री झोप लागली असती.

कचेरीला नवा अर्ज लिहिला आहे, ह्या वेळी स्वतःच्या नावानं. चुकीसाठी रकाना नाही म्हणून समासात लिहिलंय, की मोजणारा मी, सदाशिव, शिक्षण सातवी, आणि त्या दिवशी चार तासांचा माल मी मोजला नाही. ते मानतील असं नाही. पुढच्या वर्षी परत लिहीन. त्याच्याही पुढच्या वर्षी.

एक ना एक दिवस दुसरी पाळी सुरू होईल. त्या दिवशी मी नर्मदाला घ्यायला वेसाव्याला येईन आणि तुझ्या बाकावर तुझ्या जागी बसवीन, ती शिव्या देत आली तरी. आठवड्याची सुरुवात त्या दिवशी आम्ही उलटी करू. यंत्रात लाल चालू असताना पांढरा दाणा टाकीन, आणि चार तास जे पडतील ते सगळे गुलाबी मग स्वतः उभा राहून मोजीन, एकही न सोडता. वहीत मोजणाऱ्याचं नाव माझं लिहीन. नंतर ते पाटीत भरून तुझ्या बाजारात नेऊन देईन. पाटी डोक्यावर घ्यायला जमत नाही मला, तू हसायचीस. तोवर शिकून घेतो.